विभाच्या पाटीची दुसरी बाजू

आमच्या घरी मला फौजदार म्हणत. नाव अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठेवलं होतं. डब्यातली शेवटची करंजी कुणी खाल्ली हे मी एकेकाच्या तोंडाचा वास घेऊन ठरवत असे. भाजीवाल्याने हसून चार मिरच्या जास्त घातल्या, तर घरी येऊन पिशवी उपडी करून किडकी वांगी शोधत असे. पाहुणे "सहज आलो होतो" म्हणाले की ते खरं कशासाठी आले असतील याचा विचार करता करता माझा चहा उतू जाई. आता सत्तरीला टेकले तरी स्वभाव तोच आहे. कारेलीबागेतल्या आमच्या फ्लॅटच्या दाराला मुलाने कॅमेरा बसवून दिला आहे; त्यात माणूस बघून झाला की मी पुन्हा दाराच्या भोकातून बघते, कारण कॅमेऱ्याचा काय भरवसा. माझा चार वर्षांचा नातू मोबाइलवर बोटाने अक्षरं गिरवतो. त्याने क काढला काय, ग काढला काय, किंवा नुसती रेघ ओढून सोडून दिली काय, आतली बाई गोड आवाजात "शाब्बास" म्हणते. मला त्या बाईचा संशय येतो. उठल्यासुटल्या शाब्बास म्हणणारं माणूस समोरच्याचं काम बघतच नसतं, असं माझं मत आहे. पण तिचा आवाज ऐकला की याच गुजराती शहराच्या जुन्या भागातलं, वाडीतलं आमचं घर आठवतं, आणि त्या घरात मी रडवलेली विभा आठवते.

वाडीतल्या एका अरुंद गल्लीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. अण्णा रेल्वेच्या कारखान्यात फिटर. ते सकाळच्या पाळीला गेले, की जेवणं उरकून आई पुढची खोली झाडून घेई, सतरंजी अंथरी आणि तिचा वर्ग सुरू होई. गल्लीतली, पार पाणीगेटच्या वेशीपर्यंतची मराठी घरांतली पंधरा-सोळा मुलं येत. ती बाहेर गुजराती बोलत, काही गुजराती बालमंदिरात जात, म्हणून घरच्यांना वाटे की निदान अक्षरओळख तरी मराठीतून व्हावी. मी बारावीला गणितात आपटले होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं म्हणून घरीच होते. रिकामी बसून घरच्यांच्या चौकशा करण्यापेक्षा बरं, म्हणून आईने मला वर्गात घेतलं. समोर पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. तो हातोडा घाली आणि आमची मुलं त्याच ठेक्यावर "क, ख, ग" म्हणत. तो मधेच विडी ओढायला थांबला की मुलंही घ वर थांबत. सव्वातीनला कुरमुरे, दाणे आणि गुळाचा खडा मिळे. त्यानंतर हात धुतल्याशिवाय कुणी पाटीला हात लावायचा नाही, हा नियम होता.

आईची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. आधी ताटात रांगोळी पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं, मग ते चिंचोक्यांनी मांडायचं, मग पाटी. प्रत्येक अक्षराची तिने एक ओळ केली होती. क ची ओळ अशी: उभी काठी, डावीकडे पोट, उजवीकडे शेपूट, डोक्यावर छप्पर. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते, त्यामुळे बालमंदिरातली मुलं आमच्याकडेही बोडकी अक्षरं काढत. आई त्यांना रागवत नसे. "छप्पर घाला, नाहीतर पाऊस आला की क भिजेल," एवढंच म्हणे. मुलं घाईघाईने छप्पर घालत. घरी दिलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी तपासायचं काम माझं, म्हणजे मुलांच्या कुंदाताईचं. बरोबर असेल तर पाटीच्या कोपऱ्यात खूण करायची. ती खूण पुसू नये म्हणून मुलं पाटी छातीपासून लांब धरून घरी नेत.

विभा वर्गातली सगळ्यांत लहान, पाच वर्षांची. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. वडील भरूचकडे एका कारखान्यात नोकरीला होते, रविवारचे येत. घरी ती, तिची आई मालतीकाकू आणि आजोबा. आजोबांना सगळी गल्ली तात्या म्हणे. तात्यांची हयात सरकारी कचेरीत लेखनिक म्हणून गेलेली, आणि त्यांचं अक्षर म्हणजे बघत राहावं असं. मानपत्र असो, लग्नाची पहिली पत्रिका असो, गल्लीतली माणसं कागद घेऊन त्यांच्याकडे जात. दसऱ्याला आमच्या वर्गात पाटीपूजन असे, तेव्हा तात्या येऊन प्रत्येक पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत आणि नव्या मुलाचा हात हातात धरून त्याच्याकडून श्री लिहून घेत. तात्यांच्या हाताने श्री काढलेलं मूल अभ्यासात मागे पडत नाही, असं बायका मानत. माझाही श्री त्यांनीच काढून घेतला होता, आणि मी गणितात आपटले होते, पण हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तात्या लेकीकडे अहमदाबादला गेले. चांगले महिनाभराने परत आले ते आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी मालतीकाकूंनी सांगितलं की तात्यांनी चातुर्मासाचं मौन धरलं आहे. कार्तिकीपर्यंत बोलायचं नाही. गल्लीला ते फार आवडलं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कांताबेन तर रोज सकाळी देवळातून येताना तात्यांच्या ओट्याशी थांबून हात जोडू लागल्या. तात्याही हात जोडत. मला मात्र एक गोष्ट खुपत होती. मौन धरलेली माणसं मी पाहिली होती. ती जवळ पाटी-पेन्सिल किंवा कागद ठेवतात आणि मीठ हवं असलं तरी चिठ्ठी लिहितात. इथे गल्लीतला सगळ्यांत सुंदर अक्षराचा माणूस, आणि तो एक चिठ्ठी लिहीत नाही. कुणी पत्र लिहून मागायला गेलं तर नुसता हात हलवतो. मी मनाशी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला लोकांची कामं करायचा कंटाळा आला आहे आणि त्याने ही छान पळवाट काढली आहे.

भाद्रपद संपत आला तेव्हा माझ्या मावशीचं बाळंतपण निघालं आणि आईला आठ-दहा दिवस नवसारीला जावं लागलं. वर्ग माझ्यावर आला. निघताना आईने कुरमुऱ्यांचा डबा दाखवला, कुणाला शी लागते कुणाला नुसतं बाहेर जायचं असतं ते सांगितलं, आणि पिशवी उचलता उचलता म्हणाली, "विभाला अभ्यास दोन बाजूंचा देत जा. आणि तपासताना दोन्ही बाजू तपास."

"तिलाच का दोन बाजू?"

"मी सांगते म्हणून. आणि तिला काही विचारत बसू नकोस."

आईसारखी शहाणी बाई, आणि मला असं सांगून गेली. मला काही विचारू नकोस म्हणणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून जाणं होतं. दुसऱ्याच दिवशी मी विभाची पाटी उजेडात धरून पाहिली. एका बाजूला पाच वर्षांच्या मुलीचं अक्षर होतं, मोठं, वेडंवाकडं, पाटीच्या लाकडी चौकटीवर चढणारं. दुसऱ्या बाजूला तीच अक्षरं होती, पण लहान, उभी, एका ओळीत, आणि पेन्सिल इतकी दाबलेली की पाटीला ओरखडे पडलेले. मधेच एखादं अक्षर तुटलेलं, एखाद्याचं पोट भलत्याच बाजूला. हे मुलाचं लिहिणं नव्हतं. मोठ्या माणसाने मुद्दाम बिघडवून लिहिलं की असं दिसतं, असा मी निष्कर्ष काढला. मालतीकाकू लेकीला हुशार दाखवायला अर्धा अभ्यास स्वतः करतात, आणि आईला ते माहीत असूनही ती खपवून घेते. तीन दिवस मी दोन्ही बाजूंना खूण केली आणि तीन दिवस जळत राहिले. विभा दर वेळी पाटी उलटी करून विचारायची, "ही पण तपासली?" मग खूण नीट बघून जागेवर जायची.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. सगळ्या मुलांसमोर मी तिला उभं केलं.

"ही बाजू कुणी लिहिली?"

तिने खाली सतरंजीकडे पाहिलं.

"आईने?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

"मग तू?"

तिने पुन्हा मान हलवली. खोटं बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही. त्याचाही मला रागच आला.

"मग काय पाटीने आपणहून लिहिलं?"

"ते सांगायचं नाहीये," विभा म्हणाली.

मी तिला कोपऱ्यात उभी राहायला सांगितलं, ती राहिली. डोळ्यांत टिपूस नाही. मग मी ओलं फडकं घेतलं आणि पाटीची ती दुसरी बाजू पुसून काढली. तेव्हा मात्र ती हुंदके देऊन रडायला लागली. "तुम्ही तपासलंच नाही," ती म्हणत राहिली, "तुम्ही खूणच नाही केली." स्वतःच्या बाजूकडे तिने पाहिलंही नाही. समोरचा पत्रेवाला हातोडा थांबवून आमच्याकडे बघत होता. पन्नास वर्षं होऊन गेली असतील, पण ते फडकं पाण्यात पिळताना पाणी राखी झालं होतं ते मला अजून दिसतं, आणि अजून माझी मलाच लाज वाटते.

त्या वेळी लाज वाटली नाही. उलट संध्याकाळी कांताबेन आमच्या ओट्यावर पापडीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांच्याजवळ मी सगळं ओकले. कांताबेन तीस वर्षं मराठी शेजारात राहिलेल्या; त्यांची भाषा अर्धी इकडची, अर्धी तिकडची.

"त्या घरात सगळंच खोटं आहे," मी म्हणाले. "पोरीचा अभ्यास दुसरं कुणीतरी करतं. आणि मौन कसलं, ढोंग आहे. लिहायचा कंटाळा आलाय तात्यांना. मौनात चिठ्ठी लिहायला कुणी बंदी केली आहे?"

कांताबेनच्या हातातली शेंग हातातच राहिली. "ए वात तो साची छे," त्या हळूच म्हणाल्या. "चिठ्ठी तर कधी लिहिली नाय त्यांनी. आपण दशेराला बघू ने. श्री तर लिहावाच लागेल."

आपलं म्हणणं कुणीतरी मानलं याचा मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी विभा वर्गाला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मालतीकाकूंनी मागे आमच्याकडे दोडक्याच्या शिरांची चटणी पाठवली होती, ती वाटी परत करायची होती. वाटीत दोन नारळाच्या वड्या घालून मी वर्ग सुटल्यासुटल्या निघाले. दार वाजवायचं नाही, आधी खिडकीतून बघायचं, हे चालता चालताच ठरवलं होतं.

खिडकी गल्लीकडे होती आणि अर्धवट उघडी होती. आत जमिनीवर तात्या मांडी घालून बसले होते. मांडीवर पाटी. विभा त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर उभी, आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचा उजवा हात धरला होता. "उभी काठी," ती म्हणत होती. "डावीकडे पोट. डावीकडे हो, इकडे." तात्यांचा हात थांबे, भलतीकडे जाई, ती तो ओढून परत आणी. क झाला. "छप्पर विसरलात तात्या. पाऊस आला की भिजेल." तात्यांनी छप्पर घातलं. मग त्यांनी पाटीच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. खूण कुठे असते ते विचारत होते. विभाने कोपऱ्यावरचं त्यांचं बोट बाजूला केलं. मग म्हणाली, "कुंदाताईंनी पुसलं ना, पण ते बरोबर होतं. मी पाहिलं होतं. सगळं बरोबर होतं."

मी वाटी घट्ट धरून तिथेच उभी राहिले. मागून मालतीकाकूंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा वड्या खाली पडल्या. त्या नळावरून पाण्याची बादली घेऊन येत होत्या. त्यांनी मला मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि पाणी दिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अहमदाबादला त्यांना अर्धांगाचा झटका आला होता," त्या खालच्या आवाजात सांगू लागल्या. "हात सुधारला. पण बोलणं गेलं, आणि अक्षरं गेली. समजतं सगळं. स्वतःचं नाव समोर लिहून दाखवलं तरी वाचता येत नव्हतं. त्या दिवशी लहान मुलासारखे रडले. घरी यायलाच तयार नव्हते. लोकांनी कीव केलेली त्यांना सहन होत नाही गं. कळलं तर ते ओट्यावरसुद्धा यायचे नाहीत. म्हणून मौनाचं सांगितलं. तुझ्या आईलाच फक्त माहीत आहे. त्याच म्हणाल्या, विभा शिकतेय तिच्याबरोबर बसू दे त्यांना, मी दोघांचा अभ्यास देते." मग म्हणाल्या, "परवा विभाने खूण नाही दाखवली, तर जेवले नाहीत."

कांताबेनशी जे बोलले होते ते मालतीकाकूंना सांगायचं धैर्य मला झालं नाही. आई परत आल्यावर तिला सांगितलं. ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगितलं. ती खाली बसली आणि नवसारीहून आणलेले चिकू एकेक करून टोपलीत मांडत राहिली.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी उलट तिलाच विचारलं.

"सांगितलं असतं तर खात्री करून घ्यायला तू त्याच दिवशी त्यांच्या खिडकीशी गेली असतीस."

तोवर कांताबेननी आपलं काम केलं होतं. नळावर बायका तात्यांचं नाव निघालं की एकमेकींकडे बघत. ओट्याशी हात जोडायला थांबणं कमी झालं. तात्यांना पाटीपूजनाला न बोलावणं आता शक्यच नव्हतं. ते आले नसते तर ढोंग ठरलं असतं, आणि आले आणि श्री आला नाही तर खरं काय ते सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. हे दोन्ही माझ्यामुळे होतं. मी रात्रीचं जेवण तीन दिवस नीट जेवले नाही, आणि अण्णांनी आईला विचारलं की फौजदाराला आज कोणी पकडलं. आई मालतीकाकूंकडे जाऊन आली. मग तिने मला सांगितलं की यंदा प्रत्येकाच्या पाटीवर श्री नाही, एकाच पाटीवर, सगळ्यांत लहान मुलीच्या. बाकीची मुलं तो बघून आपापला काढतील. सरस्वती ती स्वतःच आदल्या दिवशी काढून ठेवणार होती. विभा घरी रोज श्री ची ओळ म्हणत होती: गाठ, तिरकी काडी, काठी, काठीवर छत्री, डोक्यावर छप्पर.

दसऱ्याला सकाळी गल्लीत फाफडा-जिलबीच्या पुड्यांचा वास आणि आमच्या स्वयंपाकघरात श्रीखंड घोटण्याचा आवाज. पुढच्या खोलीत पाट मांडून त्यावर झेंडूची फुलं, आपट्याची पानं आणि ओळीने पाट्या. एरवी मुलांच्या आया दारातून डोकावून जात, त्या दिवशी आत येऊन बसल्या. कांताबेन सगळ्यांत पुढे, पाटापासून हातभर अंतरावर. तात्या आले, पांढरं धोतर, काळी टोपी, चेहरा ताठ. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. विभा त्यांच्या मांडीवर बसली. दर वर्षी जसं असे तसंच दिसत होतं: खाली लहान हात, वर मोठा हात, आणि पेन्सिल. पण पेन्सिल या वेळी विभाच्या बोटांत घट्ट होती आणि वरचा हात तिच्या मागे जात होता, हे कळायला आधी माहीत असायला हवं होतं. गाठ झाली. तिरकी काडी झाली. काठीशी हात थांबला. तात्यांच्या कपाळावर घाम आला होता. "काठीवर छत्री," विभा पुटपुटली, पाठ केलेला धडा म्हणावा तसं, आणि हात पुन्हा चालू लागला. छप्पर दोघांनी मिळून घातलं. श्री थोडा तिरका आला होता, पण श्री होता.

कांताबेननी तो वाकून पाहिला. मग त्या तात्यांच्या पाया पडल्या आणि उठून सरळ माझ्याकडे वळल्या. "तू तर म्हणत होती ढोंग छे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "देवमाणसाबद्दल असं बोलते? मला पण पाप लावलं."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, तात्याही. आपण बरोबर आहोत याच्याएवढं प्रिय मला तोवर दुसरं काही नव्हतं. "मी खोटं बोलले," मी म्हणाले. "माझ्या मनचं बोलले. तसं काही नाही."

आईने जिलबीचं ताट पुढे केलं, बायका कुजबुजत उठू लागल्या. मला वाटलं संपलं. तेवढ्यात तात्यांनी ती श्री ची पाटी पाटावरून उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. बायकांना वाटलं, मुलीला माफ केलं, आशीर्वाद देतायत. "घे, पाया पड," कुणीतरी मला म्हणालं. पण तात्यांचा अंगठा पाटीच्या कोपऱ्यावर टेकलेला होता, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते, रोज पाटी घेऊन समोर उभं राहिलेलं मूल बघतं तसे. मी पाया पडले. मग पेन्सिल घेतली आणि त्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या देखत, बरोबरची खूण केली. कांताबेननी तोंडावर हात ठेवला. तात्यांचं लिहिणं तपासणारी पोरगी म्हणून पुढे वाडीत माझी बरीच बदनामी झाली, आणि माझ्या लग्नाच्या बोलण्यांतही एकदा ते निघालं.

तात्यांनी खूण पाहिली आणि पाटी विभाकडे दिली. तिचा अजून माझ्यावर विश्वास नव्हता. तिने पाटी खिडकीच्या उजेडात नेली, खुणेला बोट न लावता तिच्यावर वाकली, खूणच आहे आणि फुली नाही याची नीट खात्री करून घेतली, आणि मग पाटी छातीपासून लांब धरून आजोबांना घरी घेऊन गेली.